शालू नको म्हणणाऱ्या मुलीसाठी, आणि तिच्या आईसाठीही

गेली अनेक वर्षे मी बडोद्यात लग्नघरी जाऊन नवऱ्या मुलींना नऊवारी नेसवण्याचे काम करते आहे. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांपासून अलकापुरीकडच्या फ्लॅटपर्यंत एक प्रसंग मला हमखास पाहायला मिळतो. मुलीने फोनवर राखाडी साडीचे किंवा अजरखच्या, म्हणजे ठशांनी छापलेल्या कच्छी कापडाच्या, जॅकेटचे चित्र दाखवलेले असते, आई गप्प झालेली असते, आत्या चार लोकांचा हवाला देत असते आणि आजी तेच चित्र फोन जवळ-लांब करून पुन्हा पुन्हा पाहत असते. सुरुवातीला मला हा वाद आवडीनिवडीचा वाटे. पुढे लक्षात आले की रंगावरून आणि काठावरून जी भांडणे होतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ते वस्त्र द्यायचा मान कोणाचा, हा प्रश्न असतो. त्यामुळे रूढीबाहेरचा पोशाख करायचा असेल, तर दुकानात पाऊल ठेवण्याआधी देणाऱ्यांची यादी करावी, आणि वेगळेपणा त्या यादीतल्या मोकळ्या जागांवर बसवावा. पुढचे सगळे त्याच धोरणाने सांगितले आहे.

मान कोणाचा, हे आधी लिहून काढावे

आपल्याकडे वधू एका दिवसात निदान दोनदा, बहुधा तीन-चारदा वस्त्र बदलते आणि त्यातले प्रत्येक वस्त्र निरनिराळ्या घरून येते. गौरीहर पूजताना नेसायची पिवळी अष्टपुत्री मामाकडची असते, तर शालू सासरचा. हळदीची साडी आई घेते. स्वागत समारंभाचा पोशाख मात्र मुलगी आपल्या हौसेने आणि हल्ली अनेकदा आपल्या पगारातून घेते. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडेही व्यवस्था अगदी अशीच आहे : पांढऱ्या अंगाचे, लाल काठाचे पानेतर मामा देतो आणि घरचोळे सासरहून येते. मला या साम्याचे नेहमी कौतुक वाटते, आणि कामाच्या दृष्टीने त्याचा उपयोगही होतो, कारण बडोद्यातल्या मराठी आजीला "पानेतरासारखेच आहे" एवढे सांगितले तरी पांढऱ्या रंगाविषयीचा तिचा अर्धा विरोध मावळतो.

यादी झाली की प्रत्येक वस्त्रापुढे देणाऱ्याचे नाव लिहावे. जिथे आपलेच नाव आहे, तिथे मुलीला पूर्ण मोकळीक असावी आणि घरच्यांनी त्यात बोलू नये. जिथे दुसऱ्याचे नाव आहे, तिथे वस्त्र नाकारू नये; त्याचा तपशील बदलून मागावा. "मला पिवळी साडी नको" असे मामाला सांगणे म्हणजे त्याचा मान नाकारणे होय, आणि मग मामी पुढची दहा वर्षे ते विसरत नाही. त्याऐवजी "मामा, अष्टपुत्री तुमच्याकडचीच नेसणार आहे, पण कच्छी अजरखची, मोहरीच्या रंगाची मिळाली तर फार आवडेल" असे म्हटले, तर मामा स्वतः भुजकडच्या कोणा ओळखीच्याला फोन लावतो. हे मी दोन घरांत प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यातले एक मामा सांगलीचे होते आणि त्यांनी अजरख हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता, तरी लग्नात ते प्रत्येकाला ती साडी दोन्ही बाजूंनी कशी छापतात हे समजावून सांगत होते.

सासरच्या शालूची गोष्ट अधिक नाजूक आहे. विहीणबाईंनी तो आधीच घेऊन ठेवलेला असेल, तर तो बदलून मागण्याच्या भानगडीत पडू नये; तो सूनमुखाच्या वेळी नेसावा आणि लग्न लागताना आपला पोशाख ठेवावा, किंवा याच्या उलट करावे. अजून घेतला नसेल, तर मुलीने आणि तिच्या आईने त्यांच्याबरोबर दुकानात जावे. मोबाइलवरचे चित्र विहीणबाईंना पाठवू नये. चित्रातला राखाडी रंग सुतकी वाटतो. तोच रंग रेशमावर, चंदेरी काठासह हातात आला की पारव्याच्या मानेसारखा दिसतो आणि बोलणे सुरू होते.

चारपैकी एक मोडावे, फार तर दोन

रूढ पोशाखापासून वेगळे होण्याच्या जागा चार आहेत : रंग, कापड, बेत (म्हणजे पोशाखाची घडण) आणि अलंकार. या चारही एकदम बदलल्या, तर मांडवात आलेल्या लांबच्या मावशीला नवरी कोणती ते समजत नाही, आणि त्या गोंधळाचा राग पोशाखावर निघतो. एक बदलली तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. दोन बदलल्या तर लोक बोलतात, पण कौतुकाने.

माझ्या अनुभवाने सर्वांत शेवटी सोडायची जागा म्हणजे अलंकार. हातात हिरवा चुडा, नाकात नथ आणि कपाळावर मुंडावळ्या असल्या, की राखाडी, जांभळ्या, अगदी मळखाऊ तपकिरी साडीतली मुलगीसुद्धा नवरीच दिसते. उलट लालभडक शालूतली मुलगी मोकळ्या केसांनी आणि मुंडावळ्यांशिवाय उभी राहिली, तर ती करवली वाटते. वडीलधाऱ्यांची नजर रंगावर लांबून पडते, पण जवळ आल्यावर ती कपाळ आणि मनगट पाहते. ज्या मुलीला पोशाखात मोठी उडी मारायची आहे, तिने कपाळ आणि मनगट आजीच्या स्वाधीन करावे. त्या बदल्यात मिळणारी मोकळीक बरीच मोठी असते.

रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सर्वांत जास्त अश्रू तिथेच येतात. पांढऱ्याला आपल्याकडे वैधव्याची आठवण चिकटलेली आहे, आणि ती वादाने पुसता येत नाही. ख्रिस्ती लग्नातला पांढरा झगा हा फार प्राचीन नियम आहे अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या लग्नात पांढरा पोशाख घातला आणि त्यानंतर ती रीत रुजत गेली, त्यापूर्वी तिकडच्या वधू आपला ठेवणीतला कोणत्याही रंगाचा चांगला पोशाख घालीत. परंतु ही माहिती आजीला सांगून काही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो काठाचा. पांढरे अंग चालवून घ्यायचे असेल, तर काठ आणि पदर लाल, हिरवा किंवा कुंकवाच्या रंगाचा ठळक असावा, आणि पांढरा शुभ्र न घेता हस्तिदंती किंवा सायीचा घ्यावा.

काळ्याचा हट्ट धरणाऱ्या मुलींना मी एकच सांगते : लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून काळी चंद्रकळा नेसायची असतेच, तेव्हा ती हौस घरातल्या सर्वांच्या आशीर्वादाने भागवून घ्यावी. मंगळसूत्रातले मणीही काळेच असतात हा युक्तिवाद मला अनेक मुलींनी ऐकवला आहे, आणि तो बिनतोड आहे, पण बिनतोड युक्तिवादाने आईचे रडू थांबत नाही. स्वागत समारंभाला काळे जरूर घालावे. तिथे देणारे आपणच असतो.

फिक्या रंगांबाबत अडचण वेगळीच आहे. जांभळट, पिस्ता, मोतिया असे रंग दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली फार सुरेख दिसतात, आणि कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली मातकट होतात. कापडाचा तुकडा किंवा ब्लाउजपीस हातात घेऊन संध्याकाळी कार्यालयात जावे, दिवे लावायला सांगावेत आणि त्या उजेडात तो चेहऱ्याजवळ धरून पाहावा. सकाळचा मुहूर्त असेल तर तोच तुकडा अंगणातल्या उन्हात पाहावा. पंधरा मिनिटांचे हे काम कोणीही करीत नाही आणि मग सगळा दोष फोटोग्राफरला देतात.

कापड : बडोद्यात काय मिळते आणि नेसताना ते कसे वागते

मंगळ बाजार, नवा बाजार आणि रावपुरा एवढ्या टापूत फिरले, तरी गुजरातेतली बहुतेक वस्त्रपरंपरा हाताखालून जाते. मराठी वधूने पैठणी सोडून त्यातले काही निवडले, तर तो माझ्या मते सर्वांत शहाणा वेगळेपणा होय, कारण ते वस्त्र आपण राहतो त्या गावाचे असते. मात्र साडी दिसते कशी आणि नेसल्यावर वागते कशी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिली अडचण लांबीची. नऊवारीला सुमारे सव्वाआठ मीटर कापड लागते, आणि घरचोळे, पानेतर, पटोळे ही सगळी साधारण साडेपाच मीटरची असतात. त्यामुळे ती सहावारीसारखीच नेसावी लागतात. नऊवारीच हवी असेल, तर त्याच रंगाचे साधे रेशमी कापड जोडावे लागते. हा जोड समोरच्या निऱ्यांच्या आत येईल अशा बेताने घालावा. तो कासोट्यात आला तर बसताना ताण पडतो आणि शिवण उसवते. शिंप्याने जोड घालण्यापूर्वी नेसवणाऱ्या बाईला एकदा विचारावे. मला आजवर तीनच घरांनी विचारले आहे.

बांधणीचे दाणे म्हणजे तिचे सौंदर्य. दोऱ्याने बांधलेल्या गाठी सोडल्यावर कापडाला जो सुरकुतलेला उठाव राहतो, तोच खऱ्या बांधणीची ओळख असतो. म्हणून तिला इस्त्री करू नये. पण याच उठावामुळे ती कासोट्याला बसत नाही, निऱ्या फुगतात. गज्जी रेशमावरची बांधणी तर इतकी सुळसुळीत असते, की कमरेची गाठ तासाभरात सैल पडते. बांधणी हवी असेल, तर ती शेल्याला किंवा ओढणीला ठेवावी आणि नऊवारी साध्या रेशमाची घ्यावी. घरचोळ्यात जरीच्या रेघांनी पाडलेले चौकोन असतात. बारा चौकोनांच्या नक्षीला बार बाग आणि बावन्नच्या नक्षीला बावन बाग म्हणतात. त्यांचा शेला हिरव्या नऊवारीवर फार भारदस्त दिसतो.

पाटणचे पटोळे ज्यांना परवडते त्यांनीच त्याचा विचार करावा, कारण त्यात ताणा (उभा) आणि बाणा (आडवा) हे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच नक्षीप्रमाणे बांधून रंगवतात. एका साडीला कित्येक महिने लागतात आणि किंमत लाखाच्या पुढे जाते. "पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं" असे गुजराती लोक म्हणतात, म्हणजे पटोळ्यावरची नक्षी फाटेल पण विटणार नाही. राजकोटला होणाऱ्या स्वस्त पटोळ्यात फक्त बाणा रंगवलेला असतो. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल, तर पदराच्या टोकाला सुटे राहिलेले धागे बोटात धरून पाहावेत : उभा धागा सबंध एकाच रंगाचा असेल तर ते एकेरी काम, आणि त्याच धाग्यावर थोड्या थोड्या अंतराने लाल, पांढरा, हिरवा असे रंग बदलत असतील तर ते दुहेरी. राजकोटचे पटोळे घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त पाटणच्या भावात घेऊ नये.

उन्हाळ्यातल्या लग्नासाठी मशरू हे कापड मला सर्वांत आवडते. त्याचा वरचा भाग रेशमी आणि अंगाला लागणारा भाग सुती असतो, त्यामुळे बडोद्यातल्या चाळीस अंशांच्या वैशाखातही त्याचे जॅकेट किंवा चोळी सुसह्य होते. त्याच्या ठळक रंगीत पट्ट्यांमुळे साधी नऊवारीही वेगळी दिसते. चंदेरी गावची साडी मात्र जपून घ्यावी. ती हलकी आणि देखणी असते, पण पारदर्शक असते, आणि नऊवारीच्या आत परकर नसतो. मुलींनी अंगाच्या रंगाची घोट्यापर्यंतची चुस्त विजार आत घालावी. साडीच्या रंगाची घातली तर तिची किनार बाहेरून दिसते. अजरख घेतल्यावर पांढरा ओला रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर घासून पाहावा. रुमालाला निळा किंवा लाल रंग लागला तर ते वस्त्र लग्नाआधी एकदा धुऊन घ्यावे, नाहीतर घामाने तो रंग गळ्यावर उतरतो.

होमाजवळ बसणार असाल तर नायलॉनची जाळी आणि पॉलिस्टरचे घेरदार कापड टाळावे, हे मी सल्ला म्हणून नव्हे तर अट म्हणून सांगते. रेशीम ठिणगीने जळते, पण पसरत नाही आणि राख होऊन गळते. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. लांब सोगा असलेला गाऊन घालून लाजाहोम करू नये.

बेत : पाटावर बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत

गाऊन, घेरदार घागरा, शिवलेली नऊवारी, विजार आणि जॅकेट यांपैकी काय घालावे याची चर्चा घरोघरी सौंदर्याच्या अंगाने होते. माझा आग्रह असा, की ती पाटाच्या अंगाने करावी. आपल्या लग्नात वधू पाऊण-एक तास मांडी घालून बसते, हार घालायला दोन्ही हात वर करते, आणि मग ओळीने तीस-चाळीस जणांच्या पाया पडते. म्हणून ट्रायलच्या वेळी आरशासमोर उभे राहून समाधान मानू नये. घरून एक पाट न्यावा, नाहीतर जमिनीवरच बसावे, वीस मिनिटे मांडी मोडू नये, उठताना कोणाचा हात धरू नये, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि पाच वेळा वाकून नमस्कार करावा. यात बाही काखेत ताणली, कमरेचे हूक रुतले किंवा घेराने पाट झाकून बाजूच्या समईपर्यंत मजल मारली, तर तो पोशाख स्वागत समारंभासाठी ठेवावा.

या परीक्षेत गंमत अशी होते, की घरच्यांना सर्वांत धक्कादायक वाटणारी विजार सगळ्यांत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होते आणि सर्वमान्य घागरा नापास होतो. कासोट्याची नऊवारी तर त्याहून उत्तम, कारण ती मुळात विजारीसारखीच पाय मोकळे ठेवणारी आहे. ज्या मुलींना सूट-विजार घालायची इच्छा आहे पण घरातून होकार मिळत नाही, त्यांना मी मध्यम मार्ग सुचवते : खाली साधी कासोट्याची नऊवारी नेसावी आणि वर चोळीऐवजी अजरख किंवा मशरूचे बंद गळ्याचे, कमरेपर्यंतचे जॅकेट घालावे. पदर त्या जॅकेटवरून नेऊन खांद्यावर पिनेने बसवावा. आज्यांना नऊवारी दिसते, मैत्रिणींना जॅकेट दिसते.

आजींशी बोलताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत. सयाजीराव महाराजांसाठी काम करणारा हा चित्रकार त्रावणकोरचा होता; पुराणातल्या स्त्रिया रंगवताना त्याने त्यांना अनेकदा आपल्या मराठी बायकांसारखी लुगडी नेसवली, आणि आज आपल्या डोळ्यांपुढे देवीचे जे रूप येते त्यात त्या निवडीचा मोठा वाटा आहे. एका नातीने आजीला मुद्दाम तिथे नेले होते. आजीने चित्रांपुढे उभे राहून फक्त निऱ्या मोजल्या आणि घरी येऊन "जॅकेट हिरवे शिवा" एवढेच म्हणाली.

आईची किंवा आजीची जुनी पैठणी वापरण्याची कल्पना सर्वांना आवडते, आणि त्यामुळेच ती घाईने केली जाते. जुने रेशीम घड्यांवर चिरते. साडी उलगडून खिडकीपुढे धरावी. घडीच्या रेषेत उजेडाच्या बारीक फटी दिसल्या, तर ते वस्त्र नेसण्याच्या लायकीचे राहिलेले नाही असे समजावे. फटी नसतील तरी काठाजवळचे कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलके ताणावे. कुरकुर असा आवाज आला की थांबावे. अशा साडीचे काठ आणि पदर सोडवून नव्या रेशमावर बसवता येतात, आणि आतून मलमलीचे अस्तर दिले तर ते पुढची पिढीही टिकतात. मात्र धडधाकट असलेली जुनी पैठणी कापून तिची शिवलेली नऊवारी करू नये. शिवलेली नऊवारी सोयीची असते हे मान्य, पण ती एकाच अंगाला बसते आणि तिची पुन्हा साडी होत नाही.

शिंपी, नवरात्र आणि अक्षता

बडोद्यात शिवणकामाचे वर्ष पंचांगाने नव्हे, गरब्याने ठरते. श्रावण लागला की भरतकाम करणारे कारागीर आणि चांगले शिंपी चणिया-चोळीच्या कामात बुडतात आणि आश्विनातली नवरात्र संपेपर्यंत दुसऱ्या कामाकडे पाहत नाहीत. त्यानंतर दिवाळी येते, आणि तुळशीचे लग्न झाले की आपले मुहूर्त सुरू होतात. म्हणून मार्गशीर्षात लग्न असेल, तर वेगळ्या बेताचा पोशाख आषाढातच शिवायला टाकावा. माझ्या भाचीचे अजरखचे जॅकेट आम्ही भाद्रपदात दिले होते. ते लग्नाच्या दोन दिवस आधी मिळाले, आणि एका बाहीवरची नक्षी उलटी लागलेली होती. शिंप्याने शांतपणे सांगितले, की गर्दीत एवढे चालते. ती बाही झाकण्यासाठी पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणावा लागला, आणि बऱ्याच जणांनी ती नवी फॅशन समजून चौकशी केली. गुजराती लग्ने कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत होत नाहीत. माघ-फाल्गुनातल्या लग्नाचे कपडे त्या महिन्यात द्यावेत, तेव्हा शिंपी निवांत असतात आणि ट्रायलही दोनदा देतात.

फिका किंवा पांढरा पोशाख ठरला असेल, तर अक्षतांकडे स्वतः लक्ष द्यावे. तांदळाला कुंकू ओले लावले आणि ते वाळण्याआधीच वाटले, तर खांद्यावर, पदरावर गुलाबी ठिपके उठतात, आणि घामाने ते पसरतात. अक्षता आदल्या दिवशी करून पूर्ण वाळवाव्यात, किंवा वधूवरांच्या जवळ उभ्या असणाऱ्यांना नुसत्या फुलांच्या पाकळ्या द्याव्यात. खंडेराव मार्केटमध्ये सकाळी लवकर गेल्यास त्या ताज्या मिळतात. हळदीचा डाग पडला तर त्यावर कधीही साबण लावू नये. साबणातल्या खारामुळे हळद लाल होते आणि सगळे घाबरतात. नुसत्या थंड पाण्याने टिपून घ्यावे आणि वस्त्र उलटे करून थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावे. हळदीचा रंग उन्हाने उडतो. मात्र रेशीम तासन्‌तास उन्हात टाकू नये, त्याचाही रंग उडतो.

दोन घरांच्या दोन रीती असल्या तर

मराठी मुलगी आणि गुजराती मुलगा, किंवा याच्या उलट, अशी लग्ने बडोद्यात काही नवीन नाहीत, आणि रूढीबाहेरच्या पोशाखाला त्यांत आपोआप जागा मिळते. मुलगी मराठी असेल तर गौरीहराला मामाची पिवळी अष्टपुत्री, आणि फेऱ्यांच्या वेळी सासरच्या घरचोळ्याची ओढणी तिच्यावर घ्यावी. मुलगी गुजराती असेल, तर मामाचे पानेतर तसेच राहू द्यावे. मराठी सासूने शालूचा आग्रह धरण्यापेक्षा हिरवा चुडा, नथ आणि मुंडावळ्या द्याव्यात. पानेतरावर मुंडावळ्या इतक्या शोभतात, की हा मेळ आधीच कोणाला कसा सुचला नाही याचे नवल वाटते. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना सर्वांत जास्त मोकळीक असते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, पोशाखाचा त्यात कोठेही उल्लेख नाही. त्या दिवशी मुलीने जीन्स घातली तरी चालते, आणि मी एकीला तिच्या आजीची सुती नऊवारी कचेरीच्या बाकावर बसण्यापुरती नेसवूनही दिली आहे.

नवऱ्या मुलाच्या पोशाखाविषयी कोणी भांडत नाही, म्हणून मीही त्यावर वेळ घालवत नाही. एवढेच, की वधूने मशरू घेतले असेल तर त्याच थानातला एक तुकडा त्याच्या उपरण्याच्या काठाला लावावा, म्हणजे गाठ मारताना दोन्ही कापडे एकमेकांची वाटतात.

लग्न झाल्यावर पोशाख तसाच पिशवीत कोंबून मुलगी सहलीला जाते, आणि महिन्याभराने तो बाहेर निघतो तेव्हा काखेत आणि कमरेला घामाचे पिवळे डाग पक्के झालेले असतात. तो दुसऱ्याच दिवशी सावलीत वाऱ्यावर टाकावा, पिना एकूण एक काढाव्यात, कारण गंजलेल्या पिनेचा डाग जात नाही. मग जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावे. प्लास्टिकची पिशवी वापरू नये आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. दर सहा महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेत घालावी, आणि हे काम लक्षात राहत नसेल तर संक्रांत आणि नागपंचमी असे दोन दिवस त्यासाठी ठरवून टाकावेत.